डावी बाजू माझी

आमच्या गाडीचे टायर बदलायची वेळ आली तेव्हा मी आणि माझा धाकटा भाऊ एकमेकांशी बोलत नव्हतो. न बोलण्याला आठ वर्षं झाली होती. कारण सांगायचीही लाज वाटते: आमच्या गावच्या, कोंढ्याच्या, शेतातला एक धुरा, म्हणजे बांध. वडील गेल्यावर मामांनी मध्ये बसून वाटणी करून दिली. दोघांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, एक धुरा पडला, आणि पुढच्याच पावसाळ्यात धाकट्यानं तो वीतभर माझ्या बाजूला सरकवला, असं मला दिसलं. तो म्हणाला, पाण्यानं सरकला. मी म्हणालो, पाण्यालाही तुझीच बाजू बरी कळते. त्या वीतभर जागेत गवत आणि मुंग्यांखेरीज काही होत नाही. मी तर जवाहरनगरला कारखान्यात नोकरी करणारा, क्वार्टरमध्ये राहणारा आणि वर्षातून दोनदा चपला हातात घेऊन शेतात उतरणारा माणूस. तरी आठ वर्षं मी त्या गवताचा लुबाडला गेलेला मालक म्हणून वावरलो.

वाटणीत दोन गोष्टींचे तुकडे करता आले नाहीत. एक आई, आणि दुसरी वडिलांनी निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेली लहानशी पांढरी गाडी. मामांनी दोन्हींना मिळून एकच नियम लावला. आई पंधरा दिवस मोठ्याकडे, पंधरा दिवस धाकट्याकडे, आणि आई जिथे, गाडी तिथे. ज्याचे पंधरा दिवस संपले त्यानं आईला गाडीत बसवून दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायचं, किल्ली खिडकीत ठेवायची आणि एसटीनं घरी परतायचं.

हे आठ वर्षं सुरळीत चाललं, कारण त्यात बोलावं लागत नव्हतं. मी कोंढ्याला पोचलो की धाकटा गोठ्यात शिरायचा. तो जवाहरनगरला आला की मी आंघोळीला जायचो. एकदा तर एका सकाळी तीनदा गेलो. लागेल तेवढी बोलणी आमच्या बायका फोनवरून करायच्या. जावा-जावांचं एकमेकींशी उत्तम जमतं, आणि हे आम्हा दोघा भावांना सारखंच खटकतं. आमचं एकमत असलेली तेवढी एकच गोष्ट.

आई माझ्याकडे असली की मी जरा ताठ चालतो, हेही सांगून टाकतो. संध्याकाळी क्वार्टरच्या ओट्यावर ती लाखोरीची डाळ निवडत बसते आणि जाणारायेणारा प्रत्येक जण मला पाहून म्हणतो, आईला चांगलं सांभाळता तुम्ही. प्रत्यक्षात ती मला सांभाळते. जेवताना तिसऱ्या पोळीला हात लावला की पाहते. पन्नाशी उलटलेल्या माणसाला 'शेंबड्या' म्हणणारं घरात कोणी तरी लागतं. ती कोंढ्याला गेली की ते पंधरा दिवस मी उगाचच कुलर पुसत बसतो, हिवाळ्यातसुद्धा.

तर टायर. चारही टायर झिजून इतके गुळगुळीत झाले होते की पोलिसांनी कधी गाडी थांबवली असती तर त्यांनाही हात फिरवावासा वाटला असता. बायकोनं जाऊबाईंना फोन केला. उत्तर आलं की भावजी म्हणतात, टायर दोघांचे, दोन त्यांनी टाकावे, दोन मी टाकतो. हे मला पटलं. प्रश्न एवढाच उरला की कोणते दोन.

आता इथे कोणताही शहाणा माणूस म्हणाला असता, एकाचे पुढचे, एकाचे मागचे. पण आमच्या घरात वाटणी म्हटलं की धुरा आठवतो, आणि धुरा माणसाला बाजू शिकवतो: ही बाजू माझी, ती बाजू तुझी. आई नेहमी पुढे डाव्या हाताला बसते. तेव्हा आईच्या बाजूचे टायर माझे, असं मी मनाशी ठरवलं, आणि ठरवताना माझे डोळे थोडे भरून आले, इतका मला माझा विचार आवडला. उजवीकडे चालवणारा बसतो. तिकडची काळजी ज्याची त्यानं करावी.

भंडाऱ्याच्या टायरवाल्यानं दोनदा विचारलं. वयस्क माणूस, तोंडात तंबाखूचा खर्रा, हात कोपरापर्यंत काळे.

"भाऊ, टायर जोडीनं टाकतात. समोरचे दोन, नाही तं मागचे दोन. साइडनं कोणीच टाकत नाही."

"आमच्या घरी साइडनं आहे," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, खर्रा थुंकला आणि डावीकडे जॅक लावला. काम झाल्यावर चाकाखाली ठेवायला लिंबू आणलं. मी म्हटलं, आमच्याकडे हे करत नाहीत. "बरं," म्हणाला आणि ते लिंबू त्यानं आपल्या डब्याशेजारी नेऊन ठेवलं.

कारखान्यात सगळ्यांनी सांगितलं होतं की नवे टायर पडले की पिकअप दुप्पट होतो, गाडी लोण्यावर चालते. दुकानातून निघालो, पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला, पाय दाबला. इंजिन ओरडलं, पण गाडी उठली ती पंगतीतून मध्येच उठवलेल्या पाहुण्यासारखी, नाराजीनं. जुन्या गुळगुळीत टायरांवर ती निदान चटकन घरंगळायची. आता डाव्या बाजूनं नव्या रबराची घरघर यायची आणि उजवी बाजू मुकी. त्याहून वाईट म्हणजे स्टेअरिंग सैल सोडलं की गाडी हळूहळू उजवीकडे जायची, समोरून येणाऱ्यांच्या अंगावर. ज्यानं बैलगाडी हाकली आहे त्याला हे कळेल. जोडीत एक बैल ताजा आणि एक थकलेला असला की जू तिरकं होतं आणि गाडी थकलेल्याकडे वळत राहते. मी बैलगाडी हाकलेली नाही, फक्त मागे पाय लोंबकळत बसलेलो आहे. मला वाटलं, नवे टायर आहेत, रुळतील.

रुळले नाहीत. ठरल्या दिवशी आईला आणि गाडीला कोंढ्याला सोडून आलो. तिसऱ्या दिवशी बायको फोन ठेवून हसू दाबत स्वयंपाकघरातून आली.

"जाऊबाई विचारतात, गाडीले काय पाजलं? भावजी म्हणतात, सरळ चालतच नाही."

मी म्हटलं, सांग, डावी बाजू मी केली, आता उजवी त्यानं करावी. निरोप गेला. उलट निरोप आला: उजवी बाजू माझी, हे ठरवायले मामा आले होते काय?

आणि त्यानं टायर टाकले नाहीत. पंधरा दिवस त्यानं ती तशीच वाकडी गाडी चालवली, पंधरा दिवसांनी तशीच माझ्या दारात आणून उभी केली, किल्ली खिडकीत ठेवली आणि गेला. मी आंघोळीत होतो. मीही तशीच चालवली. स्टेअरिंग सतत डावीकडे धरून धरून माझा खांदा दुखायला लागला. बायको मलम चोळायची आणि म्हणायची, अहो, दोन टायर आणखी टाकून द्या ना, वाद मिटेल. मी म्हणायचो, प्रश्न टायरचा नाही. ती म्हणायची, मग कशाचा आहे? मी म्हणायचो, जरा खाली चोळ.

माझे पंधरा दिवस संपले तेव्हा धान कापून झालं होतं. आईला घेऊन कोंढ्याला निघालो. या दिवसांत आमच्याकडे अर्धा रस्ता गाड्यांचा असतो आणि अर्धा धानाचा. लोक डांबरावर धान वाळायला घालतात, कडेनं दगड मांडतात, आणि गाडीवाल्यांनी दगडांच्या बाहेरून जायचं असा रिवाज आहे. एका ठिकाणी माझ्या बाजूच्या अर्ध्या रस्त्यावर लांबच लांब धान पसरलेलं होतं. मी उजवीकडून निघालो. समोरून एसटी दिसली, पण लांब होती. जुन्या सवयीनं अंदाज केला की पाय दाबला की धान संपेपर्यंत सहज पुढे निघू.

पाय दाबला. गाडी उठली नाही. इंजिन नुसतं ओरडलं आणि गाडी उलट उजवीकडे, एसटीकडे ओढू लागली. मी घाबरून स्टेअरिंग डावीकडे मारलं, दगड उडाला, चारही चाकं धानावर चढली, आणि ब्रेक दाबला. त्यानंतर जे झालं ते टायरांनी केलं. उजवीकडचे दोन्ही जुने टायर धानावरून साबणावरून घसरावं तसे घसरले आणि डावीकडच्या दोन्ही नव्यांनी जमीन घट्ट धरली. गाडी माझ्या टायरांभोवती डावीकडे फिरली आणि आईच्या बाजूनं खाली बांधीत जाऊन चिखलात बसली. जी बाजू सांभाळली म्हणून माझे डोळे भरून आले होते, तीच.

एसटी हॉर्न वाजवत निघून गेली. आईच्या कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. तिच्या बाजूचा दरवाजा धुऱ्याला टेकला होता, तो उघडेना. मी आधी बाहेर पडलो आणि मग ती माझ्या सीटवरून सरकत, लुगडं सावरत उतरली. मी लागलं का, लागलं का, असं चार-पाच वेळा विचारलं. तिनं टेंगूळ एकदा चाचपलं आणि गाडीकडे वळली.

उत्तर आलं ते धानवालीकडून. हातात खराटा घेऊन धावत आली.

"काय गा भाऊ, रस्ता दिसत नाही काय?"

चूक आपली असली की माणूस जास्त भांडतो. मी म्हणालो, "रस्ता काय धान वाळवायले आहे का?"

"मंग काय बांधी गाडी वाळवायले आहे?" ती म्हणाली.

आई तोवर गाडीभोवती फिरत होती. पुढचं डावं चाक पाहिलं, मागचं डावं पाहिलं, चिखलातून वळसा घालून उजवी दोन्ही पाहिली. जन्मभर जनावरं घेतली-विकली असलेल्या घरातली बाई. तिला पायाकडे पाहायची सवय.

"हे काय गा? इकडची चाकं नवी, अन् तिकडची जुनी?"

मी सांगितलं. सांगताना ते आधीसारखं सुंदर वाटेना. म्हटलं, डावीकडे तू बसते ना आई, म्हणून डावी बाजू मी घेतली. उजवी त्याची होती, त्यानं केली नाही.

"म्हणजे एक बैल मोठ्याचा अन् एक लहान्याचा. अन् मले जुंपलं मधात."

मग ती धानवालीकडे गेली, तिच्या हातातला खराटा घेतला आणि सांडलेलं धान गोळा करायला लागली. धानवालीचा राग तिथेच उतरला. दोघी वाकून खडे निवडत बोलत होत्या, आणि माझ्याकडे बोट दाखवून त्यातली एक काही तरी म्हणत होती. कोणती, ते मी पाहिलं नाही. मी ट्रॅक्टर शोधायला गेलो. ट्रॅक्टर आला, गाडी वर निघाली, दरवाजा चेपला होता पण चालत होती. मी दार उघडून उभा राहिलो. आईनं मागच्या सीटवरची आपली पिशवी काढली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन एसटीची वाट पाहत उभी राहिली.

"बस आई, हळू नेतो."

"नाही बसत."

"अगं, एसटीत उभं राहावं लागन."

"एसटीची सहाही चाकं एकाच मालकाची आहेत." मग माझ्याकडे वळून तिनं सावकाश सांगितलं, दुकानदाराला यादी सांगावी तसं. "तुम्ही दोघं या गाडीत बसा, एका दुकानात जा, अन् चारही चाकं एकसारखी करून आणा. दोघं मिळून. एकानं केलेलं मले चालत नाही. तवर मी तुझ्या घरी येत नाही."

"अन् त्याच्या घरी?"

"तिकडं तं मी जाऊनच राहिली."

यात न्याय कुठे आहे, असं मी विचारलं. एसटी आली आणि ती चढून गेली.

मी गाडी वळवून जवाहरनगरला आणली. आई तिकडे आणि गाडी इकडे, असं पहिल्यांदाच झालं. बायकोनं चेपलेला दरवाजा पाहिला, सगळं ऐकलं आणि त्या रात्री वाढताना एवढंच म्हणाली की सासूबाईंना बांधीत घालणारा मुलगा तिनं पहिल्यांदाच पाहिला. मी म्हणालो, निम्मंच मी घातलं, निम्मं त्यानं. ती म्हणाली, हो, डावं निम्मं.

पंधरा दिवस गेले. आई आली नाही. वीस दिवस झाले. जाऊबाईंकडून कळत होतं की टेंगूळ उतरलं, आई बरी आहे, ओलिताच्या वांग्यांना पाणी देते, भावजी खूश आहेत. हे शेवटचं जाऊबाई म्हणाल्या की बायकोनं भर घातली, मी विचारलं नाही, पण मला ते रात्रंदिवस दिसायला लागलं: धाकटा ओट्यावर बसलेला, शेजारी आई, आणि गाव म्हणतंय, आईले चांगलं सांभाळते बा हा. इकडे शेजारी मला विचारायचे, आई दिसत नाहीत? मी म्हणायचो, धानाचा चुरणा सुरू आहे ना शेतावर. मळणी संपली. मग म्हणायला लागलो, लाखोरी आहे. लाखोरी किती दिवस पुरणार? एका संध्याकाळी मी डाळ निवडायचं सूप घेऊन स्वतःच ओट्यावर बसलो. बायकोनं ते हातातून काढून घेतलं आणि जाऊबाईंना फोन लावला. ठरलं: रविवारी मी गाडी घेऊन कोंढ्याला जायचं, तिथून धाकट्याला घ्यायचं आणि दोघांनी भंडाऱ्याला जायचं.

रविवारी धाकटा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. पुढचं दार उघडं होतं. त्यानं ते लावलं, मागचं उघडलं आणि साहेबासारखा मागे बसला. मी त्याचा ड्रायव्हर झालो. आई ओट्यावरून पाहत होती.

बराच वेळ आरशात त्याचा एक डोळा आणि माझा एक डोळा एवढंच चाललं होतं. मग आठ वर्षांनंतरचं त्याचं पहिलं वाक्य आलं.

"उजवीकडे ओढते."

"माहीत आहे."

"माहीत आहे तं आईले कायले बसवलं?"

मी आरशात पाहिलं. "तू पंधरा दिवस कायले बसवलं?"

भंडाऱ्यापर्यंत मी स्टेअरिंग डावीकडे धरून ठेवलं. माझा खांदा दुखत होता. त्याचंही खिडकीवरच्या हँडलला धरलेलं बोट पांढरं झालं होतं, ते मला आरशात दिसलं, आणि वाईट वाटायला हवं होतं तिथे बरं वाटलं.

टायरवाल्यानं मला ओळखलं. "आली का दुसरी साइड?" म्हणाला. मग गंभीर होऊन त्यानं सांगितलं की माझे दोन टायर जवळजवळ नवेच आहेत, तसलेच आणखी दोन घ्यावे, एक जोडी समोर टाकावी, एक मागे, बस. धाकट्यानं दोन टायर निवडले. सगळं पाच मिनिटांत संपलं असतं. पण मी विचारलं, समोर कोणाचे?

"समोरची चाकं गाडी ओढतात ना?" धाकट्यानं टायरवाल्याला विचारलं. माझ्याशी बोलायचं नव्हतं त्याला. "हो," टायरवाला म्हणाला.

"मंग ओढणारे माझे. आईले ओढून मीच राहिलो महिनाभर."

"मोठा मी आहे," मी टायरवाल्याला सांगितलं. "समोर माझे."

"मोठा आहे तं मागून ढकलावं."

"ढकलायचं काम लहान्याचं."

टायरवाल्याचं तोंड एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे. दुकानात दोन मोटारसायकलवाले हवा भरायला आलेले, तेही थांबून ऐकायला लागले. एक जण तर धाकट्याच्या बाजूनं मान हलवत होता. शेवटी टायरवाल्यानं हातातला पाना खाली टाकला.

"तुम्ही दोघंही जाऊन चहा प्या. मले काम करू द्या."

टपरीवर बाकाच्या या टोकाला मी, त्या टोकाला तो. परत आलो तेव्हा चारही चाकं बसवलेली, धुतलेली, पुसलेली, वरून काळं पॉलिश मारलेलं. मी विचारलं, कोणते कुठे टाकले?

"जोडीनं टाकले."

"पण कोणाची जोडी समोर?"

"शोधा," तो म्हणाला आणि खर्रा मळायला बसला.

आम्ही शोधलं. मी पुढच्या चाकाशी उकिडवा बसलो, खाचेत अंगठा घालून पाहिला. माझे टायर दोन महिने चालले होते, बांधीत गेले होते, काही तरी खूण असायला हवी होती. मग मागच्या चाकाशी गेलो. धाकटा माझ्या मागोमाग माझ्या सोडलेल्या चाकाशी येऊन अंगठा घालायचा. एकदा दोघंही एकाच चाकाशी आलो. त्याच्या अंगठ्याला धानाचं कुसळ टोचून झालेली जुनी गाठ आहे, वडिलांच्या होती तशीच, आणि ती मी इतक्या जवळून आठ वर्षांत पाहिली नव्हती. "सरक ना," तो म्हणाला. मी सरकलो. टायर काही ओळखू आला नाही.

मी कपडे झाडतोय तोवर किल्ली घेऊन तो ड्रायव्हरच्या जागी बसला. मागे बसलो असतो तर त्याची नक्कल झाली असती, आणि ते मी करणार नव्हतो. मी पुढे डावीकडे बसलो.

गाडी सरळ चालत होती, हे मला मान्य करावं लागलं. त्यानं रिकाम्या रस्त्यावर स्टेअरिंगवरून हात काढून घेतले, मुद्दाम, मला दाखवायला, आणि गाडी रेषेवरून चालल्यासारखी गेली. चारही चाकांचा आवाज एक झाला होता. खड्ड्यात गेली तरी धक्का पूर्वीसारखा पाठीत न बसता खालीच विरून जायचा. पण मला तोंड बंद ठेवता येत नाही. मी म्हटलं, पिकअप गेला. पहिल्यापेक्षा जड झाली.

"गाडी नाही जड झाली. तुले चालवता येत नाही."

"दहा वर्षं चालवून राहिलो."

"दहा वर्षं चुकीचं चालवून राहिला." मग तो शेतातल्या पंपाबद्दल बोलतो त्या आवाजात, माझ्याकडे न पाहता बोलत गेला. जुने टायर झिजून लहान झाले होते. लहान चाक लवकर उठतं, म्हणून तुला दुसऱ्यातून लगेच तिसरा टाकायची सवय लागली. आता चाक अंगानं मोठं आहे, नवं रबर आहे, जमीन धरतं. त्याला दुसऱ्यात थोडं जास्त पळू द्यायचं, मग तिसरा. त्यानं तसं करून दाखवलं. गाडी खरंच उठली, माझी पाठ सीटला लागली. मी म्हटलं, असं केलं तर पेट्रोल पिते. तो म्हणाला, तुझ्या हातात रॉकेलवर चालली तरी पिईल.

कोंढ्याला पोचलो तेव्हाही हेच चाललं होतं, आवाज दोघांचे चढलेले. आई दारात उभी होती. तिनं चारही चाकांभोवती फेरी घातली, चेपलेल्या दरवाजावर हात फिरवला, घरात गेली आणि पिशवी घेऊन आली. मी पुढचं दार उघडलं. ती मागे जाऊन बसली.

"तुम्ही दोघं समोर बसा."

धाकटा म्हणाला, मले वांग्यांना पाणी द्यायचं आहे. आईनं पिशवी मांडीवरून उचलून पुन्हा दाराकडे हात नेला. तो बसला. येतानाही वाद, जातानाही वाद. गिअरवरून सुरुवात झाली ती धुऱ्यापर्यंत गेली. धुरा वीतभर की चार बोटं, यावर नागपूर रोड लागेपर्यंत आम्ही भांडलो. आई मागे खिडकीतून धानाच्या पेंढ्याचे ढीग पाहत होती. जवाहरनगरला ती उतरली, बायकोनं चहा ठेवला, पण धाकटा थांबला नाही. गेटवर जाऊन एसटीची वाट पाहत उभा राहिला.

त्या रात्री आईनं माझ्या तिसऱ्या पोळीकडे पाहिलं आणि सांगितलं की आता दर वेळी असंच जायचं, दोघांनी समोर बसून, आणि फोन सुनांनी करायचा नाही, तू करायचा.

पंधरा दिवस मी फोनचा विचार करण्यात घालवले. त्या पंधरा दिवसांत क्वार्टर ते बाजार, बाजार ते क्वार्टर, रोज गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जरा जास्त पळवून मग तिसरा टाकून पाहिला. उठायची. प्रत्येक वेळी उठायची. शेवटच्या संध्याकाळी नंबर लावला.

"कोण?" तो म्हणाला. त्याच्या फोनवर माझं नाव दिसत असणार.

"मी. उद्या आईले सोडायचं आहे. तुले यावं लागते."

तिकडे पंप चालू होता, तो त्यानं बंद केला. मग म्हणाला, "तू गाडी दुसऱ्यात धरून ठेवते का आता?"

"नाही," मी म्हणालो.

"तं मग शीक." त्यानं फोन ठेवला.

सकाळच्या पहिल्या एसटीनं तो आला. आई आधीच मागच्या सीटवर पिशवी घेऊन बसली होती. त्यानं माझ्यापुढे हात पसरला, किल्लीसाठी. मी दिली नाही. तो वळसा घालून डाव्या बाजूला गेला, चेपलेलं दार दोनदा आपटून लावलं. मी गाडी बाहेर काढली, पहिला टाकला, दुसरा टाकला, आणि तिसरा मुद्दाम लवकर टाकला.